अनंताचा जामीन

“सरा बाजूला, जावई! आज याला ठेवीत नाय!”

हातात कोयता, अंगात गंजीफ्रॉक, डोळे इंगळासारखे, असे माझे सासरे क्वार्टरच्या दारात गरजत होते. मी त्यांच्यापुढे हात जोडून उभा होतो. माझ्या लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते, त्यामुळे मोहोपाड्याची सगळी कॉलनी धावत आली. कुणी म्हणालं, जावयाने घड्याळ मागितलं. कुणी म्हणालं, स्कूटर. वॉचमनने मागून येऊन माझीच कॉलर धरली. तेव्हा सासऱ्यांनी कोयता खाली केला आणि अगदी घरगुती आवाजात त्याला सांगितलं, “सोड रं त्यांना. ते जामीन हायेत.” कोयता माझ्यासाठी नव्हताच. तो माझ्या पाठीमागच्या अनंताच्या झुडपासाठी होता.

झाडांना जीव लावणारे जगात पुष्कळ असतील. पण एका झुडपाची सात वर्षं एवढी सेवा केली की ते बिचारं फुलायचंच विसरलं, असा माणूस मी एकच पाहिला. मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणायचो) कारखान्यात बॉयलरवर होते. अनंताची फांदी मामींनी कशेळ्याहून, माहेरच्या अंगणातून आणलेली. पुढे रस्ता रुंद करताना तिथलं मूळ झाड गेलं, आणि मामींच्या माहेरचं एवढंच काय ते उरलं. याचं पहिलं फूल मी तुझ्या केसांत माळीन, असं मामांनी फांदी लावतानाच सांगून टाकलं होतं. आता जन्मभर बॉयलरशेजारी उभा राहिलेला माणूस बायकोच्या कानात जे सांगतो, ते चौथ्या गल्लीतही नीट ऐकू जातं. त्यामुळे कॉलनीतली बाया-माणसं दर मे महिन्यात मामींच्या अंबाड्याकडे बघून जायची.

अनंताला ताक आवडतं हे मामांना कुठूनसं कळलं होतं. मी पहिल्यांदा सासरी जेवायला बसलो, तेव्हा माझ्यापुढचा ताकाचा तांब्या उचलून त्यांनी झाडाच्या बुडाशी रिकामा केला. “तुमचं काय, तुमी उद्या घरी पिणार,” असं वर मलाच समजावलं. चहाचा चोथा, बोंबील धुतलेलं पाणी, गंजके खिळे, सगळं त्याला मिळायचं. घरातली एकुलती एक छत्री उन्हाळाभर झुडपावर असायची. ट्रान्झिस्टरवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की तो खिडकीत, झाडाकडे तोंड करून. आणि शिमगा झाला की हजामत. शिंप्याकडून आणलेली भलीमोठी कात्री घेऊन मामा झुडपाला असं गोल कातरायचे की लांबून वाटावं, दारात हिरवा हंडा पालथा घातलाय. “डोकं हलकं झालं की फुलंल.” मामींनी एकदा म्हणून पाहिलं होतं की कळ्या धरायच्या टायमालाच तुमी कापता. मामा इतके हसले की शेजारचं पोर झोपेतून उठलं.

पण ते सातवं वर्ष वेगळं होतं. जूनअखेर मामा रिटायर होणार, क्वार्टर सोडून कडावला भावाशेजारी राहायला जाणार. झुडपाची मुळं पायरीखाली शिरलेली. उपटलं तर ते मरणार. म्हणजे फूल यायचं तर याच उन्हाळ्यात, नाहीतर मामींच्या केसांत ते कधीच नाही. म्हणून जुनी रीत. अडून बसलेल्या झाडावर एकाने कोयता उगारायचा आणि दुसऱ्याने मध्ये पडून जामीन राहायचं. मी दबकत विचारलं, मामा, तुम्ही विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देता ना? मामा गंभीर झाले. “आपण मानीतच नाय. पण झाड मानीत असंल तर?”

तर अशा रीतीने मी म्हटलं, “एक डाव सोडा, मामा. यंदा फुलंल.” हे मला तीनदा म्हणायला लागलं, कारण पहिल्या दोन खेपांना आवाजात कळकळ नव्हती. तिसऱ्या खेपेला वॉचमनही जामीन राहिला.

आणि त्याच आठवड्यात कात्री हरवली. मामांनी माळा उपसला, शेजाऱ्यांच्या मांजरावर संशय घेतला, माझी पिशवी माझ्यादेखत झटकली. हजामत चुकली ती चुकलीच. झुडूप दाढी वाढवलेल्या बुवासारखं दिसायला लागलं. मामांना त्याची इतकी लाज वाटायची की पाहुणे येणार असले की त्यावर लुगडं टाकायचे.

मेच्या अखेरीस एका सकाळी ते लुगडं ओढलं, आणि खाली अनंत पांढराशुभ्र झाला होता. त्या दिवशी कारखान्याच्या भोंग्यालासुद्धा वास येत होता, शपथेवर सांगतो. पहिल्या पाळीचे लोक गेटातून परत फिरले. एक फूल बुद्धमूर्तीपुढे गेलं. दुसरं मामांनी सगळ्या कॉलनीसमोर मामींच्या अंबाड्यात खोचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही. काय बोलले ते मामींनाच ठाऊक.

जूनअखेर टेंपो आला. सामान चढत होतं आणि मामा पायरीवर बसून झुडपाच्या पानांवरून हात फिरवत होते. “धाक पायजे, जावई,” ते म्हणाले, “धाकानंच फुललं.” मी आत जाऊन तांदळाच्या पिठाचा डबा उचलला. आत काहीतरी खणखणलं. झाकण उघडून बोटं घातली, तर पिठात कात्री.

मी मामींकडे पाहिलं. अंबाड्यात शेवटचं, पिवळं पडलेलं फूल होतं.

“मामांना सांगू?” मी विचारलं.

“डबा सरळ धरा,” मामी म्हणाल्या, “पीठ सांडंल.”