खुराड्याची कडी

कोंबड्या पाळायच्या म्हणजे काय, सकाळी दाणे टाकले आणि संध्याकाळी अंडी उचलली, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा काकूंच्या परसात येऊन बघायला हवं होतं. आता येऊन उपयोग नाही म्हणा.

काकू म्हणजे कुलूपवाल्या काकांची बायको. बाजाराच्या तोंडाशी काकांचं दुकान आहे. माणूस आडवा झाला तर भिंतीला डोकं आपटेल एवढंच, पण किल्ल्यांनी भरलेलं. हरवलेल्या किल्ल्या बनवून द्यायच्या, अडकलेली कपाटं उघडायची, तिजोरी हट्टाला पेटली की तिची समजूत काढायची. कामात माणूस एक नंबर, त्यात दुमत नाही. लोक लांबून गाडी पाठवून त्यांना घेऊन जातात. स्वभावाचं विचाराल तर ते दुकानात किल्ल्या जपतात तसेच घरात शब्द जपतात. चाळीस वर्षं काकू त्यांच्याबरोबर राहिल्या, पण काकांना कुलूप उघडताना त्यांनी कधी पाहिलं नाही. गिऱ्हाईक असो, सोयरा असो, नाहीतर घरची बायको, काका आधी पाठ करणार आणि अंगाआड काम करणार. "हात दिसला की पोट गेलं," असं त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं म्हणे. उस्ताद कधीच गेला, खोड राहिली.

लेकीचं लग्न झालं, ती लांब गेली आणि घरात बोलायला माणूस उरलं नाही. तेव्हा शेजारच्या गवंड्याच्या बायकोनं एका खोक्यात घालून सहा पिल्लं आणून दिली. पहिल्याच आठवड्यात दोन मान टाकून मेली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला तर काका म्हणाले, "कोंबडीच्या पिलासाठी रडतेस? अगं, लोक हसतील." काकू रडायच्या थांबल्या. उरलेली चार त्यांनी खोक्यावर दिवा लावून, चिमटीनं कण्या भरवून जगवली. त्या चाराच्या पाच वर्षांत सतरा झाल्या.

सतरा जिवांचं करणं सोपं नसतं हो. खुराड्यातली घाण रोज खरवडायची, वर राख पसरायची. पाण्याचं भांडं धुऊन भरून ठेवलं की पाठ वळायच्या आत कुणीतरी त्यात पाय घालणारच. एकीला सर्दी झाली की सगळ्यांना लसणाचं पाणी. पिसं झडायचे दिवस आले की या बया अशा भिकारणीसारख्या हिंडायच्या आणि अंड्याच्या नावानं शून्य. एखादी खुडूक बसली तर बघायलाच नको, खाली अंडं नसेना का, ती आपली फुगून बसलेली, हात घातला की टोचायची. काकूंच्या मनगटावर बारीक बारीक खुणा कायमच्या होत्या.

पण सुख होतं ते तिथंच होतं. मास्तरीण नावाची एक कोंबडी होती, मान उंच करून सगळ्यांची हजेरी घेत फिरायची. चोरटी नावाची दुसरी होती, ती खुराड्यात अंडं घालणं कमीपणाचं समजायची. धुण्याच्या टोपलीत, पायपुसण्यावर, एकदा तर काकांच्या चपलेत. फौजदार नावाचा कोंबडा होता, आवाज मोठा आणि मांजर दिसलं की सगळ्यांच्या आधी हाच पसार. काकू परसात बसून भाजी निवडायला लागल्या की सगळ्या भोवती गोळा व्हायच्या, आणि काकू त्यांना घरातलं सगळं सांगायच्या. लेकीचा फोन आला नाही, गुडघा दुखतोय, आज हे जेवताना चार वाक्यं बोलले. कोंबड्या ऐकायच्या. निदान मान तरी वाकडी करायच्या, आणि तेवढंही काकूंना बरीच वर्षं मिळालं नव्हतं.

तलंग, म्हणजे नुकती वयात आलेली कोंबडी, पहिलं अंडं घालते ते जेमतेम लिंबाएवढं असतं, आणि कवचावर कधी कधी रक्ताचा बारीक ठिपका असतो. तसलं अंडं मिळालं की काकू ते गरम गरम गालाला लावून उभ्या राहायच्या. एकदा घाईघाईनं काकांना दाखवायला घेऊन गेल्या. "बरं मग?" काका म्हणाले. त्यानंतर दाखवायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

तर असं चाललं होतं. मग एका दुपारी मुंगूस शिरलं आणि तीन तलंगा गेल्या. खुराड्याची जाळी खालून सैल झाली होती आणि दाराला नुसती तारेची अडकवण होती. काकूंनी महिनाभर आधी सांगितलं होतं, "अहो, तेवढं दार बघा ना." पण दुकानातून वेळ कुणाला?

तीन तलंगा गेल्याचं काकांना काही वाटलं नाही. त्यांना झोंबलं ते बाजारातलं बोलणं. चहावाला म्हणाला, "काय उस्ताद, दिव्याखाली अंधार? कुलूपवाल्याच्याच घरी चोरी!" शेजारचा शिंपी हसला, रद्दीवाला हसला, आणि काका त्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून घरी आले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, पण हा झोपा असा केला की विचारू नका. पंधरा दिवस परसात ठिणग्या उडत होत्या. मुंगूस उकरून येतं म्हणून खाली फरशी. जाळी कुरतडतं म्हणून जाळीवर लोखंडी पत्रा, त्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर बोट जाईल एवढी भोकं. वर पत्र्याचं छप्पर, त्यावर लोखंडी पट्ट्या, आणि सगळं एकमेकांना जोडून टाकलेलं. दारही लोखंडी. आणि दाराला काकांनी स्वतःच्या डोक्यानं बनवलेली कडी. बाहेरून नुसती एक गुळगुळीत पट्टी आणि मधे बटणाएवढा खिळा. ना कुलूप, ना किल्ली.

गल्ली बघायला लोटली. गवंडी म्हणाला, "काका, हे खुराडं आहे का तुरुंग?" काका खूष झाले.

काकूंनी विचारलं, "उघडायची कशी?"

"मी उघडीन की सकाळी. संध्याकाळी लावीन."

"पण मला दाखवून ठेवा ना. तुम्ही नसलात तर?"

"मी कुठं जातोय? आणि तुला जमायचं नाही ते. मी आहे ना."

आठ दिवसांनी काकूंनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा काका चिडले. "तू चार बायकांत बोलशील, चार बायका चार नवऱ्यांना सांगतील. मग त्या कडीची किंमत काय राहिली?" रोज सकाळी ते पाठ करून दारासमोर उभे राहायचे, टक असा आवाज व्हायचा, आणि कोंबड्या बाहेर. काकू पाण्याचं भांडं घेऊन मागे उभ्या असायच्या. आपल्याच कोंबड्या, आणि आपण दारात ताटकळत उभं राहायचं, याचा त्यांना संताप यायचा. पण चाळीस वर्षांत संताप गिळायची सवय झाली होती, तोही गिळला.

उन्हाळ्याचे दिवस होते. एका कचेरीची तिजोरी अडकली, तिथल्या लोकांनी सकाळी सहालाच गाडी पाठवली. काका कोट घालून, अवजारांची पेटी घेऊन, ऐटीत गाडीत बसले आणि गेले. काकू तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या. बाहेर येऊन बघतात तर खुराडं बंद आणि आत गलका.

त्यांनी फोन लावला. "अरेच्चा, विसरलोच की! दहापर्यंत येतो," काका म्हणाले.

नवाला पत्रा हाताला भाजायला लागला. काकूंनी बादलीनं पाणी आणून छपरावर ओतायला सुरुवात केली, ओली पोती टाकली. भोकांतून चोची बाहेर आल्या होत्या, सगळ्या उघड्या. काकू फरशीवर बसून मगानं एकेका भोकात पाणी ओतायच्या. निम्मं आत जायचं, निम्मं पदरावर सांडायचं. खिळा दाबून बघितला, ओढून बघितला, फिरवून बघितला. काही नाही.

दहाला पुन्हा फोन. "अहो, त्या मरतील हो! कसं उघडायचं तेवढं सांगा."

मागे माणसांचे आवाज येत होते. काका हळू आवाजात म्हणाले, "फोनवर सांगण्यासारखं आहे का ते? इथं चार माणसं उभी आहेत. बारापर्यंत पोचतो. दोन तासांत काही होत नाही कोंबड्यांना. आणि कुणाला हात लावू देऊ नकोस, कडी बिघडेल."

गवंडी त्या दिवशी घरीच होता. बोंब ऐकून तो पहार घेऊन आला. "वहिनी, छप्पर उचकटतो. सरका बाजूला."

आणि इथं काकूंनी चूक केली. त्या म्हणाल्या, "थांबा जरा भाऊजी. ते येताहेत बारापर्यंत. मोडलं तर घर डोक्यावर घेतील."

गवंडी थांबला. दुसऱ्याच्या घरात किती बोलणार तो? काकू पाणी ओतत राहिल्या. साडेअकराला फोन लावला तो उचलला नाही. पुन्हा लावला, नाही उचलला. फौजदाराचा आवाज आधी बंद झाला. मग एकेका भोकातली चोच आत गेली. काकू प्रत्येक भोकाला तोंड लावून हाका मारत होत्या, "मास्तरीण, ए मास्तरीण, इकडं ये, पाणी घे." बारा वाजून गेले तेव्हा आतून काहीच आवाज येत नव्हता.

"मोडा," काकू ओरडल्या. "मोडा हो भाऊजी, सगळं मोडा!"

मोडतंय कुठलं! पहार वाकली. गवंड्यानं घण आणला, छिन्नी आणली, कडीवर घाव घातले. ठिणग्या उडाल्या, कडी हलली नाही. शेवटी छपराच्या पट्ट्या एकेक करून तोडल्या, त्याला पाऊण तास लागला. पत्रा वर उचलला तेव्हा अशी वाफ आली की गवंड्यानं तोंड फिरवलं. काकूंनी नाही फिरवलं. त्यांनी वाकून एकेकीला बाहेर काढलं आणि ओल्या पोत्यावर ओळीनं ठेवलं. चौदांतल्या बारा गेल्या होत्या. दोन जिवंत निघाल्या, त्या पाणी ओतलेल्या भोकांपाशी एकमेकींवर पडल्या होत्या. मास्तरीण त्या दोघींत नव्हती.

काका दोनला आले. तिजोरी उघडली होती, चेहरा फुललेला होता. परसातली ओळ बघून तो उतरला, खोटं कशाला बोलू. पण ते आधी कुठं गेले? दाराकडे गेले. वाकून कडीवरून बोट फिरवलं, घणाच्या खुणा बघितल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बघ, एवढं मारूनसुद्धा जागची हलली नाही."

काकूंनी वर बघितलं, फक्त बघितलं. काकांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते म्हणाले, "नवीन पिल्लं आणू आपण. वीस आणू." उरलेल्या दोघी काकूंनी टोपलीत घालून गवंड्याच्या बायकोला देऊन टाकल्या. "माझ्याकडं नकोत," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या मनात काय होतं ते सांगायला नको, तरी सांगते. काकांवर त्या चिडल्या होत्याच, पण रात्रंदिवस कुरतडत होतं ते दुसरंच. पहार घेऊन माणूस दारात उभा होता आणि आपण त्याला थांबवलं. कशाला, तर नवरा रागावेल म्हणून. बारा जीव आत जळत होते आणि मी नवऱ्याच्या रागाचा हिशेब करत बसले, असं त्या गवंड्याच्या बायकोजवळ एकदा म्हणाल्या आणि मग तेही बोलायचं बंद केलं.

आता पुढचं ऐका. गावात बातमी पसरली, पण कशी पसरली? कोंबड्या मेल्या हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच की कुलूपवाल्यानं अशी कडी केली आहे की पहार वाकली, घण हरला. चहावाल्यानं हे दिवसातून दहादा सांगितलं. जो हसला होता तोच आता उस्तादाचं कौतुक करायला लागला. आणि महिना उलटायच्या आत गिऱ्हाइकं घरी यायला लागली. कुणाला गोदामाला हवी, कुणाला गोठ्याला.

एका सकाळी एक बेकरीवाला आला. त्याच्याकडं पन्नासेक कोंबड्या होत्या, चोरीला कंटाळला होता. काका त्याला परसात घेऊन आले. खुराडं तसंच होतं, छप्पर उचकटलेलं, दार शाबूत. काकू दोरीवर कपडे वाळत घालत होत्या.

"मजबूत आहे हे दिसतंच आहे," बेकरीवाला म्हणाला. "पण काका, मी पहाटेपासून भट्टीवर असतो. दार बायको उघडते. तिला जमेल का?"

"अहो, न जमायला काय झालं?" काका हसून म्हणाले. "इकडं या, असे समोर उभे राहा. हे बघा. अंगठ्यानं पट्टीचा हा खालचा कोपरा दाबायचा, आणि दाबून धरूनच बोटानं खिळा अर्धा फिरवायचा. झालं!"

टक असा आवाज आला आणि दार उघडलं.

"एवढंच?" बेकरीवाला म्हणाला.

"एवढंच. घरी जाऊन मंडळींना एकदा दाखवा, शेंबडं पोरसुद्धा उघडेल."

काकूंच्या हातात ओलं धोतर होतं, ते तसंच राहिलं. त्या दोन पावलं पुढे आल्या. काकांनी दार पुन्हा लावलं होतं. काकूंनी अंगठा कोपऱ्यावर ठेवला, बोट खिळ्यावर ठेवलं. दार उघडलं. त्यांनी ते लावलं आणि पुन्हा उघडलं.

बेकरीवाल्याला वाटलं, बाई आपल्याला करून दाखवताहेत. तो कौतुकानं म्हणाला, "वा वहिनी! तुम्हाला तर रोजची सवय असेल."

"नाही हो," काकू म्हणाल्या. "मलाही आत्ताच कळलं, तुमच्याबरोबरच."