सुजाताचे दोन तारे

आमच्या पनवेलच्या कॉलेजात मी वीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. शिकवलेलं मीच विसरतो, पण लॅबमधले किस्से काही केल्या विसरत नाहीत हो!

हे सगळे सुजाताच्या एम.एस्सी. प्रोजेक्टचे. विषय असा : जड ताऱ्यांचं आयुष्य त्यांच्यात काय मिसळलंय यावर कसं ठरतं.

*

ताऱ्यांच्या अभ्यासात हायड्रोजन, हेलियम सोडून बाकी सगळ्याला 'धातू' म्हणायची रीत आहे. हे केमिस्ट्रीच्या मॅडमच्या कानावर गेलं.

"ऑक्सिजन धातू? सर, तुम्हाला बारावीत पास कोणी केलं?"

दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

*

कॉम्प्युटरवर एक तारा जन्मून मरायला तीन दिवस लागायचे. तिसऱ्या दिवशी झाडताना शिपाईमामांनी प्लग काढला.

"मामा, माझा तारा मेला!" सुजाता किंचाळली.

मामा पांढरेफटक. "आईशप्पत पोरी, मी फक्त पंखा लावला!"

*

दुपारी पडदे ओढून आम्ही बघत बसायचो. स्क्रीनवरचा निळा ठिपका हळूहळू फुगायचा, तांबूस व्हायचा. फटीतून कर्नाळ्याचा सुळका उन्हात तरंगताना दिसायचा. फार छान वाटायचं.

एकदा प्राचार्यच शोधत आले. "अहो, वर्गात पोरं बसलीयत!"

"थांबा सर, अजून तीन लाख वर्षं बाकी आहेत."

तेही खुर्ची ओढून बसले!

*

मग सुजाताला बंगळूरहून संशोधनासाठी बोलावणं आलं. उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी तिचे वडील, नामाकाका, लॅबमध्ये आले. उरणकडच्या मिठागरात जन्म गेलेला माणूस.

"सर, एकुलती पोर हाय. एवढ्या लांब आमी नाय धाडणार."

सुजाताचे डोळे भरले. मी म्हटलं, "काका, तिनं काय केलंय ते तरी बघा."

स्क्रीनवर सारख्याच वजनाचे दोन तारे.

"ह्याच्यात धातू आहेत, बाबा, आपल्या मिठात असतात तसले," सुजाता नाक पुसत म्हणाली. "म्हणून अंगातून वारा सुटतो, बरंचसं बाहेर उधळून टाकतो. ह्या दुसऱ्यात जवळजवळ नाहीतच. तो सगळं धरून बसतो, आणि शेवटी स्वतःतच कोसळतो."

"मंग?"

"मग काळोख. उजेडसुद्धा बाहेर येत नाही."

काकांनी दोन्ही तारे पुन्हा एकदा बघितले. मग उरणची एसटी पकडून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर! टेबलावर मिठाची पुडी ठेवली आणि लेकीला म्हणाले,

"बंगळूरला जाशील तवा ही संगं घे. तो दुसरा हाय ना, धरून बसलेला? त्याच्यात टाक चिमूटभर!"