वाऱ्याकडची बाजू

केळीच्या ओल्या चिकाला वास नसतो, असे म्हणणारे लोक भेटतात. मला तो येतो. हिवाळ्यातल्या पहाटे बहादरपूरच्या रस्त्याने सायकलवरून जाताना दवाने जड झालेली पाने एकमेकींवर टेकून अजून झोपेतच असतात, आणि आदल्या संध्याकाळी कटाई झालेल्या एखाद्या बागेतून तो थंड, तुरट, किंचित लोखंडासारखा वास हळूहळू रस्त्यावर उतरतो. माझे तारुण्य त्या वासात गेले. पण गेल्या वर्षापासून त्याच्या पाठोपाठ दुसराही एक वास येऊ लागला आहे, तव्यावर फुगणाऱ्या मक्याच्या भाकरीचा. आणि मग तापीकाठचा हा ओळखीचा रस्ता बघता बघता मेक्सिकोतला होतो.

आम्ही तिघे गेलो होतो. मुकुंदराव नेपानगरच्या कागद गिरणीतून निवृत्त झालेले, नकाशावर बोट ठेवले की ज्यांच्या चेहऱ्यावर तेज येते असे गृहस्थ. त्यांची मुलगी तिकडे नोकरीला, तिनेच सायकली मिळवून दिल्या आणि मार्ग आखून दिला. दुसरा वसंता, बहादरपूरचा, पिढीजात केळीवाला. तिसरा मी, केळीचा व्यापारी. पन्नाशी ओलांडलेले तिघे रोज सकाळी असीरगडाच्या पायथ्यापर्यंत सायकली दामटतात याला गाव हसत असे; विमानात बसलो तेव्हा गावाने हसणे थांबवून काळजी सुरू केली.

वाहाका नावाच्या शहरातून निघून आम्ही डोंगर उतरत समुद्राकडे चाललो होतो. ते पहिले दिवस आजही मला जागेपणी पडलेल्या स्वप्नासारखे आठवतात. सातपुड्यासारखेच उघडेबोडके उतार, पण त्यांच्यावर घायपाताची निळसर रोपे ओळीने लावलेली, जणू कोणी डोंगराला टाके घातले आहेत. मैलोगणती कोणी नाही, आणि मग एकाएकी जांभळ्या फुलांनी बहरलेले एकटेच झाड, त्याच्या सावलीत एक कुत्रे, आणि दरीतून वर येणारा देवळातल्या घंटेचा आवाज. ज्या देशाची भाषा येत नाही तिथे माणूस झोपेत चालल्यासारखा चालतो. पाट्यांवरच्या अक्षरांना अर्थ नसतो, म्हणून ती नुसते रंग होतात. माणसे बोलतात ते कळत नाही, म्हणून ते पाण्यासारखे कानावरून वाहून जाते. दुपारचा उजेड मधासारखा दाट होता. सायकलच्या साखळीचा एकसुरी आवाज त्यात बुडत असे, आणि कधी कधी मला वाटे की आपण पुढे जातच नाही आहोत, डोंगरच सावकाश मागे सरकत आहेत.

पण त्या स्वप्नात एक खडा होता, आणि तो मी बुऱ्हाणपुराहून बरोबर आणला होता.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात वसंताने माझ्या व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि भर मांडवात म्हणाला, "हा आमचा गोपाळ. आम्ही लावतो, हा तोडतो." सगळे हसले. व्याहीही हसले. मी तोंड फिरवून तिथून निघून गेलो. पोरवयात मी वसंताच्याच वडिलांच्या बागेत कटाईला होतो. खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर घड, आणि अंगभर चिकाचे काळे डाग, जे कशानेही धुतले जात नाहीत. तिथून मी माझ्या हिमतीवर वर आलो. आज माझ्या शब्दावर ट्रक भरतात. आणि त्या एका वाक्याने मला पुन्हा त्या घडाखाली उभे केले होते. शिवाय तोडणारा हा शब्द तरी किती ठिकाणी लागतो! भाव तोडणारा, माणसे तोडणारा. मांडवातल्या प्रत्येकाने त्याला हवा तो अर्थ घेतला असणार.

मी वसंताला काही बोललो नाही. व्यापारात जो आधी तोंड उघडतो तो हरतो. जिथे पळून जायला जागा नाही, अशा एखाद्या लांबच्या रस्त्यावर हा स्वतःहून शब्द परत घेईल, आणि नाही घेतला तर परत गेल्यावर ही दोस्ती संपली, असे मी मनाशी ठरवूनच निघालो होतो. पण वसंता अख्खा डोंगर उतरताना गुणगुणत राहिला. त्याला काही आठवतच नव्हते.

डोंगर संपून सपाटी लागली तिथे एक बाजाराचे गाव होते. बाजार सगळा बायकांचा; काळ्या मखमलीवर मोठमोठी फुले भरलेले झगे, केसांत रिबिनी, आणि आवाज असे की आमची मंडई देऊळ वाटावी. एकीपुढे केळी रचलेली होती. अशी लांब, धारदार केळी मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी फणी उचलली, धारेवरून अंगठा फिरवला, देठ वाकवून पाहिला. आता भाषा लागणार नव्हती.

वसंता मागून म्हणाला, "गोप्या, ही भाजीची दिसते भो."

"तू लाव," मी म्हणालो, "पारख मला कळते."

ती बाई हाताने तव्यावर काहीतरी उलटल्यासारखे करून दाखवत होती. ती भाव चढवण्यासाठी नाटक करते आहे, असे मी धरले. मी फणी खाली ठेवली, चार पावले गेलो, परत आलो. तिनेही तोंड फिरवले, शेजारणीशी हसली, परत वळली. तोलामोलाचा सौदा झाला. विजयाने मी एक केळे सोलले आणि मोठा घास घेतला, तो जीभ, टाळू, हिरड्या सगळे एकदम आवळून आले, जणू कच्चा बिब्बा चावला. सारा बाजार हसला. ती केळी तळूनच खातात. वसंता मात्र हसला नाही; त्याने नुसती पाण्याची बाटली पुढे केली, आणि मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याचा रस्ता लागला. दोन समुद्रांमधली जमीन तिथे अरुंद होते, आणि उत्तरेचा वारा त्या फटीतून घुसतो तो दक्षिणेच्या समुद्राला भिडेपर्यंत थांबत नाही. तिथल्या एका गावाचे नावच वाऱ्याचे आहे. क्षितिजापर्यंत पवनचक्क्या, पांढऱ्या, प्रचंड, स्वप्नातल्या प्राण्यांसारख्या संथ फिरणाऱ्या. आम्ही पूर्वेला चाललो होतो आणि वारा डावीकडून येत होता. सरळ जायचे तर सायकल डावीकडे कलती ठेवून, अंगाचा सगळा भार वाऱ्यावर टेकून चालवावी लागत होती. रस्त्याकडेचे गवत जमिनीला चिकटले होते. सूर्य होता, पण तोही वाऱ्याने विझत विझत पेटतो आहे असे वाटत होते.

बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले की मला वारा कमी लागतो आहे. वसंता माझ्या डाव्या बाजूला आला होता. तिकडून वारा, तिकडूनच अंगाला चाटून जाणारे ट्रक. आणि तो मान खाली घालून माझ्या चाकाला चाक जुळवून चालला होता. आमच्याकडे केळीच्या बागेला वाऱ्याच्या अंगाने शेवरीच्या झाडांची रांग लावतात. ती वाकते, फाटते, उन्हाळी झळांनी करपते, आणि आत केळीचे पान शाबूत राहते. वसंताची शेवरी झाली होती, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

मला गहिवरून यायला हवे होते. उलट संताप आला. ज्याच्यावर रागवायचे त्यानेच आडोसा द्यावा, ही कसली रीत? मी ओरडलो, "तोडणारा म्हणालास तू मला! व्याह्यांपुढे!" वाऱ्याने ते शब्द माझ्या ओठांवरूनच उचलले आणि समुद्राकडे नेले.

"काय?"

"तोडणारा!"

"तोल? हव ना, तोलच सांभाळू राहिलो!"

पुढे टायरच्या एका बंद दुकानाची भिंत लागली. तिच्या आडोशाला आम्ही टेकलो. मुकुंदराव बरेच मागे होते. मिशीतली धूळ झटकत वसंता म्हणाला, "आता सांग. काय बोंबलू राहिला होता?"

मी सांगितले. वाऱ्याबाहेर माझाच आवाज मला लहान वाटला.

त्याने सायकल भिंतीला टेकवली. "मंग? खोटं बोललो का मी?"

मी हातातला हवा भरायचा पंप फेकला. वारा तो गडगडवत घेऊन चालला, तसा वसंता त्याच्यामागे धावला, उचलून आणला, आणि धापा टाकत म्हणाला, "अरे, घड तोडताना खालच्या पिलाला तुझा कोयता कधी लागला नाही. बाप म्हणायचा, गोप्यालाच बोलवा, दुसऱ्याच्या हाताने पीलबाग जाते. ते सांगू राहिलो होतो लोकांना. तू तोंड फिरवून निघून गेला, मंग सांगू कोणाला?"

केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवरच पुढच्या वर्षाची बाग उभी राहते, हे खरे. माझा कोयता सांभाळून चालत असे, हेही खरे. पण मांडवात त्याच्या मनात हेच होते, का हे त्याने आत्ता, पंपामागे धावताना जुळवले, कोण सांगणार? त्याचे वडील आता नाहीत. जागच्या जागी बनवलेला भाव मी आवाजावरून ओळखतो. त्या दिवशी कान वाऱ्याने बधिर झाले होते.

तेवढ्यात मुकुंदराव पोहोचले. आमच्या तोंडांकडे बघून म्हणाले, "भांडण झालं असेल तर पाणी प्या. व्हायचं असेल तर आटपा लवकर, पुढे अजून वारा आहे."

मी वसंताच्या हातातून पंप घेतला. आम्ही निघालो, आणि तो पुन्हा डावीकडे आला.

दिवस कलताना आंब्याच्या राया सुरू झाल्या. मोहोराचा वास आधी आला, इतका ओळखीचा की क्षणभर आमच्याकडच्या निंबोल्याच्या आमराईत आलो असे वाटले. आणि मग दाट झाडांच्या भिंतीने वारा एकदम, दार लोटावे तसा, बंद केला. माझा सगळा भार अजून त्या वाऱ्यावर होता. वाराच नाही म्हटल्यावर मी सायकलसकट डावीकडे कोसळलो, सरळ वसंताच्या अंगावर. दोघेही धुळीत.

"आता काय तोडतो," तो खालून कण्हला, "माझं हाड?"

तोच शब्द. मी राग यायची वाट पाहत पडून राहिलो. वर मोहोराची बारीक फुले संध्याकाळच्या उजेडात तरंगत खाली येत होती, कुठेतरी मुकुंदराव हसत होते, आणि इतक्या तासांनंतर कानांत शांतता एखाद्या आवाजासारखी भरून राहिली होती. मग वसंताने हात दिला आणि मी उठलो. उठल्यावरही माझे अंग डावीकडे कललेलेच होते, आणि सरळ उभे राहायचे म्हणजे नेमके कुठवर, ते मला कितीतरी वेळ सापडेना.