उजवीकडची शिवण

माझ्या टेबलावर एक वही आहे. मराठी पुस्तक आपण उजव्या कडेला धरून उघडतो. हिच्या उजव्या कडेलाच शिवण आहे. नवखा माणूस तिथं बोटं घालायला जातो आणि अडतो. मग तो माझ्याकडे बघतो, आणि मी त्याला गोष्ट सांगतो. निजामाच्या राज्यात आमच्या मराठीचे काय हाल होते याची ती गोष्ट. ही वही वर धरून मी शाळेत तास घेतले, सभांमधून बोललो. लोक आधी हसायचे, मग गंभीर व्हायचे.

ती गोष्ट खोटी आहे. माझे आता फार दिवस राहिलेले नाहीत, म्हणून खरी लिहून ठेवतो.

परभणीत आमची गल्ली होती. मातीची घरं, वर धाब्याची माळवदं, सगळी एकमेकांना लागून. एका घराच्या माळवदावर मिरच्या वाळत घातल्या की त्या शेजारच्या दोन माळवदांवर पसरायच्या आणि कुणाच्या किती ते कुणी विचारायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी वकीलसाहेबांचं घर होतं. त्यांच्या पुढच्या माडीवर आम्ही दहा-बारा जणांनी वाचनाची खोली काढली होती. साधी खोली काढायची तरी कचेरीतून इजाजत घ्यावी लागे. अर्ज उर्दूत करायचा असे. मी हैदराबादेत शिकून आलो होतो, सगळं शिक्षण उर्दूतून, म्हणून अर्ज माझ्याकडे आले आणि अर्जांबरोबर चिटणीसपणही आलं. मी तेव्हा विशीत होतो आणि मला जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं.

माडीच्या खाली जिल्दसाजाचं दुकान होतं. पुस्तकं बांधणारा म्हातारा मुसलमान. सगळी गल्ली त्याला चाचा म्हणायची. वकीलसाहेबांचाच तो भाडेकरू. पुढं दुकान, मागं एक खोली, तिथं तो आणि चाची. पुठ्ठ्याला लावायची खळ चाची शिजवायची, आत मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. शिजवताना तिची बडबड चालू असायची. "भाकरीला पीठ पुरत न्हाई आन् ह्येंच्या किताबांना रोज पातेलंभर. किताबा जेवायल्यात का मानसं?"

चाचाला उर्दू वाचता येत होती. मराठी तो आमच्यासारखंच बोलायचा, पण त्याला ती वाचता येत नव्हती. मी खाली बसून वाचायचो आणि तो टोच्यानं कागदाला भोकं पाडत ऐकायचा. त्याची मतं माझ्याहून बरी होती. एका कादंबरीतली नायिका पानंच्या पानं रडत होती. चाचानं हात थांबवला.

"इतकं रडायलीय, तर तिच्या घरी सैपाक कोण करायलंय?"

"चाचा, ते श्रीमंत लोक आहेत."

"मग रडायलीय कशाला?"

यातूनच मला अभिप्रायांची कल्पना सुचली. वाचनाच्या खोलीत मी कोरे कागद ठेवले. पुस्तकावर मत लिहा, एक अभिप्राय एक ओळ, असा नियम केला. कागद वाया जाऊ नये म्हणून ओळ बारीक अक्षरात थेट उजव्या कडेपर्यंत नेत असू. समास फक्त डावीकडे. आठ-पंधरा दिवसांत पुस्तकं बाजूला राहिली आणि लोक गल्लीतल्या घरांबद्दल लिहायला लागले. अमक्याचा ओटा इतका उंच का की म्हातारी माणसं चढू शकत नाहीत. तमक्यानं मोरीचं पाणी समोरच्या दारात का सोडलंय. वालूरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं गल्लीत नवं घर बांधलं होतं, समोर चुन्याची वेलबुट्टी आणि खांब, मागं मात्र मातीच्याच भिंती. चाचानं मला खालून हाक मारून सांगितलं, "लिव रे. जिल्द मखमलची, आत रद्दी." मी लिहिलं. पुढं तो सांगायचा आणि मी लिहायचो, असे त्याचे पुष्कळ अभिप्राय झाले. व्यापारी स्वतः वाचून गेला आणि जाताना चाचाला म्हणाला, "मग आतून बी बांधून द्या की!"

शहराबद्दल आमचं दोघांचं कधी जमलं नाही. हैदराबादेतले रुंद, सरळ रस्ते पाहून मला आमच्या गल्लीची लाज वाटायला लागली होती. चाचा मला "शहरवाले" म्हणायचा.

"सरळ रस्त्यावर कुणी थांबत न्हाई, शहरवाले. आपल्या बोळात वळन हाय. मानूस मानसावर आदळतो, मग विचारतो, काय चाललंय, बरं हाय का? वळन काढलं की विचारनं गेलं."

एकदा मी त्याला विचारलं की त्याचा भाऊ हैदराबादेत आहे, तिथं मोठमोठ्या छापखान्यांचं काम मिळेल, मग तो का जात नाही. त्यानं उत्तर दिलं ते मी त्याच्यासमोरच कागदावर उतरवलं. ते शेवटी सांगतो.

वर्षभरात कागदांचा गठ्ठा झाला. त्याची वही बांधायची ठरली. मी पानं लावली, वरच्या पानावर कुठून शिवायचं त्या कडेला पेन्सिलनं "सिलाई" असं उर्दूत लिहिलं आणि गठ्ठा खाली दिला. मी ते उजव्या कडेला लिहिलं. का, याला काही मोठं कारण नाही. माझी सगळी पुस्तकं उर्दू, कचेरीतल्या मिसली, म्हणजे फायली, त्याही उजवीकडे शिवलेल्या. हात सवयीनं तिकडे गेला.

चाचानं गठ्ठा हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

"ही मराठी हाय ना? मराठीची शिवन डावीकडं असतीया."

छापील पुस्तकाच्या पानांना घडी असते, तिथं चूक होत नाही. हे सुटे कागद होते. म्हणून त्यानं विचारलं. वर खिडकीत दोघे-तिघे उभे होते आणि मी चिटणीस होतो. मी खूण पुन्हा पाहिलीसुद्धा नाही.

"चाचा, लिहिलंय तसं करा. तुम्हाला मराठी वाचता येतं का?"

चाचा कागद उचलून आत गेला.

वही सुंदर झाली. लाल कापडाची पाठ, कोपरे पक्के, दोरा मेण लावलेला. वर माडीवर वकीलसाहेबांनी ती उघडायला घेतली, आणि नंतर जे हसू झालं ते मला आजही ऐकू येतं. उजवं पान आधी वाचायचं, मग डावं. त्याहून वाईट म्हणजे समास डावीकडे आणि शिवण उजवीकडे, त्यामुळे कागदाच्या पुढच्या बाजूवरच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द शिवणीत गेला होता. मराठीत शेवटचा शब्द म्हणजे क्रियापद. "हे पुस्तक वाचण्यासारखं" आहे की नाही? "या घरात उजेड" येतो की येत नाही? सगळ्यांची मतं होती आणि कुणाचंच मत कळत नव्हतं.

"हे काय रे चिटणीस?" वकीलसाहेब हसून विचारत होते. "आता डाव्या हातानं जेवायचं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "चाचानं केलं. त्याला मराठी कुठं वाचता येतं."

माडीची फळ्यांची जमीन. खाली प्रत्येक शब्द ऐकू जायचा.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तेव्हा चाचा एकटाच होता. म्हणाला, "आन ती वही. उसवतो आन् डावीकडून शिवून देतो." मी नको म्हणालो. कारण उसवली असती तर पहिल्या पानाच्या उजव्या कडेवरचा माझ्या हातचा "सिलाई" शब्द सगळ्यांना दिसला असता. तो शिवणीच्या आत होता आणि तिथंच राहायला हवा होता. चाचाला ते कळलं. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "बरं. ऱ्हाऊ दे."

त्यानं कुणालाही सांगितलं नाही. गल्लीत "चाचाची वही" हा शब्दच झाला. कुणी सदरा उलटा घातला, कुणी घोंगडं उलटं पांघरलं, की "काय हे, चाचाची वही झाली!" तो स्वतःही हसायचा. "मी गेल्यावर बी गल्लीत माझं नाव ऱ्हानार," म्हणायचा. मी त्याच्याकडे वाचायला बसणं हळूहळू बंद केलं. तो ऐकायला तयार होता. माझंच तोंड उघडत नव्हतं.

मग ती वाईट वर्षं आली. राज्य जाणार हे दिसत होतं आणि जाणाऱ्या राज्यात कोण कुणाचा, हे रोज बदलत होतं. गावागावांतून माणसं पळून येत होती, पालमकडून काही आमच्याच गल्लीत उतरली. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून वळणावर एकमेकांना बरं आहे का विचारणारी माणसं खाली मान घालून जायला लागली. आणि वहीचा विनोद बदलला. कुणीतरी म्हणालं, हे चुकून नाही. आपल्या भाषेची पाठ फिरवलीय त्यानं, मुद्दाम. पंधरा दिवसांत ते सगळ्यांचंच म्हणणं झालं. चाचाकडे काम येणं थांबलं. चाची खळ शिजवायची थांबली.

राज्य गेलं. त्यानंतर काही दिवसांनी, भर सकाळी, गल्लीतली पुरुष माणसं वकीलसाहेबांच्या ओट्यावर जमली. चाचाला ठेवायचं की घालवायचं, हा प्रश्न होता. वकीलसाहेबांना त्याला ठेवायचं होतं. त्यांनी मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तू गठ्ठा दिलास. तू चिटणीस. ही वही चुकून उलटी झाली का त्यानं जाणूनबुजून केली? चुकून म्हणालास तर बाकीचं मी बघतो. नीट आठवून सांग."

माझ्या जिवाला काही भीती नव्हती, हे इथं स्पष्ट लिहितो. लोक नंतर मला म्हणाले असते की तो काळच तसा होता. काळ तसा होता. पण मला त्या सकाळी भीती होती ती हसू होण्याची. इतकी वर्षं ज्या वहीवर गल्ली हसली ती माझी वही होती, हे उघडं पडण्याची. "चाचाची वही" या शब्दात माझं नाव येण्याची.

मी म्हणालो, "मला काय माहीत."

वकीलसाहेबांनी पागोटं नीट केलं आणि ते आत गेले.

दुपारी चाचानं दुकान आवरलं. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी मदतही केली नाही. आमची काही पुस्तकं त्याच्याकडे पूर्वी बांधायला दिलेली होती, ती त्यानं पूर्ण करून ठेवली होती. काम नसलेल्या महिन्यांत, उरलेल्या खळीनं. त्यानं ती माझ्या दारात आणून ओट्यावर ठेवली.

"तपासून घ्या. सगळ्यांची शिवन डावीकडं हाय."

त्या दिवसापर्यंत तो मला अरे-तुरे करायचा. मी एक पुस्तक उचललं, उघडलं, मिटलं. काय करत होतो कुणास ठाऊक. चाची पलीकडे उभी होती, खळीचं पातेलं पदराखाली धरून. ती माझ्याकडे बघत नव्हती. वळणापर्यंत ते दोघे गेले आणि वळले. तिथं समोरून कुणीतरी येत होतं. त्या माणसानं त्यांना काही विचारलं का, ते मला दिसलं नाही.

ते भावाकडे हैदराबादेला पोहोचले की नाही, मला माहीत नाही. पुढं मी अनेकदा हैदराबादला गेलो, जिल्दसाजांच्या गल्ल्यांतून हिंडलो, पण कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही त्यांचे कोण, असं त्यांनी मला विचारलं असतं.

माझी मुलगी म्हणते, "बाबा, ही वही उसवून नीट बांधून घेऊ. अक्षरं तरी पूर्ण वाचता येतील." मी आजवर नको म्हणत आलो. आधी त्या एका शब्दाच्या भीतीनं. ती भीती आता या कागदावर मोडली: शिवण कुठं घालायची ते मी लिहून दिलं होतं, चाचानं मला विचारलं होतं, चूक माझी. तरीही उसवायला माझा हात होत नाही. दोरा त्याच्या हातचा आहे, आणि त्याच्या हातचं माझ्याकडे तेवढंच नीट उरलं आहे. ती डावीकडे शिवलेली पुस्तकं मी केव्हाच वाटून टाकली. ती घरात ठेवणं मला जमलं नाही.

त्याचा तो हैदराबादेबद्दलचा अभिप्राय सत्ताविसाव्या कागदावर आहे, पुढच्या बाजूला, माझ्या अक्षरात. तो बोलला तसाच मी लिहिला होता. आज सकाळी पुन्हा काढून पाहिला. ओळ उजवीकडे जाते आणि दोऱ्यापाशी संपते:

"मला हितून कुटंच जायाचं"

पुढचा शब्द शिवणीत आहे.