आमच्या जिवावर उचललेला बेलभंडार

पोरानं ताटातला बेल आणि भंडारा ओंजळीत घेतला आणि खंडोबाच्या देवळात सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "माझ्या आज्याची शपथ. म्या तिचा पेपर बघितला न्हाय. तिनंच माझा बघितला." त्याचा आजा म्हणजे माझे चुलत दीर. ते खांबाला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्याच्या आधी माझ्या नातीनं तोच भंडारा माझ्या जिवावर उचलला होता. आमच्याकडं असं मानतात, की बेलभंडार खोटा उचलला तर ज्याच्या नावानं उचलला ते माणूस जातं. म्हणजे आता आम्हा दोघांपैकी एकानं जायचं होतं.

दोघं पोरं एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. आडनाव एक, म्हणून परीक्षेचे नंबरही मागंपुढं. पेपर चालू असताना मास्तर दाराकडं गेला, तेवढ्यात पोरानं मागून तिची पुरवणी ओढली आणि उतरवून घेतली. भावाला कसं पकडून द्यायचं म्हणून ती गप्प बसली. तिनं एक गणित चुकवलं होतं. यानंही ते तसंच चुकवलं. तपासणाऱ्यानं ते धरलं. विद्यापीठानं दोघांचे निकाल अडवले आणि दोघांना धाराशिवला चौकशीला बोलावलं.

भावकीला त्याच्या आधीच मिटवायचं होतं. एकानं कबूल करायचं, म्हणजे दुसरा सुटेल. कोणी कबूल करायचं हेही बहुतेकांच्या मनात ठरलेलं होतं. "पोरीला काय, उद्या लग्न करून जायची," एक जण म्हणाला.

मी म्हणाले, "मग ह्या पोराचंच लावा की लग्न. शिकाय तर येत न्हाय."

तेव्हा बेलभंडाराचं दिरांनीच काढलं. ठरलं ते असं, की चौकशीपर्यंत दोघा म्हाताऱ्यांतलं जे आडवं होईल, त्याच्या घरच्यानं कबूल करायचं.

मग गाव आमच्यावर नजर ठेवून बसलं. नेमका मला खोकला लागला. बायका विरजण मागायच्या निमित्तानं यायच्या आणि माझा श्वास ऐकत उभ्या राहायच्या. एक म्हणाली, "मावशी, लई वाळलाव की."

"लग्नातबी अशीच हुते. तुझ्या सासूला इचार, ती आल्ती जेवायला."

ती गेली, पण अंगात ताप चढत होता. मी खोकायला लागले की बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून सून टीव्हीचा आवाज वाढवायची. नात हातातलं पुस्तक खाली ठेवून माझ्याकडं बघत राहायची. एकदा म्हणाली, "आज्जे, म्या कबूल करते. एक वर्ष जाईल, दुसरं काय?"

"तू खरं बोललीस का खोटं?"

"खरं."

"मग गप अभ्यास कर."

पुढं ऐकू आलं, की दिरांनी अन्न सोडलं. मी पदर तोंडावर दाबून त्यांच्या घरी गेले. ते बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. उशाशी भाकरी तशीच झाकलेली.

"भाऊजी, जेवत का न्हाई?"

"वैनी, पोरगं खोटं बोललंय. मला वाटलं, भंडारा बघून भ्येल. भ्यालं न्हाय. आता मला न्यायला येत्यालच, मग खाऊन काय करू?"

पोरगा दारातच उभा होता. त्यानं ऐकलं. त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून आत ओढलं.

चौकशीच्या दिवशी दिरांना उठून बसताही येत नव्हतं. मी तापातच नातीबरोबर एसटीनं धाराशिवला गेले. पोरगाही आला होता. बाहेरच्या बाकड्यावर तो माझ्याजवळ सरकला. "मोठी आई, म्या खरं सांगितलं तर आजा जेवंल का?"

"मला काय इचारतोस? सांग, आन घरी जाऊन बघ."

त्याला आधी बोलावलं. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. नातीकडं न बघता म्हणाला, "सांगितलं." त्याची सगळी परीक्षा रद्द झाली. गप्प बसली म्हणून नातीला बोल बसले, पण तिचा निकाल सुटला. त्याची आई तेव्हापासून आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवते.

दिरांनी त्या दिवशी दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. माझा ताप मात्र पुढं बरेच दिवस राहिला. खोटी शपथ त्यांच्या नावाची, अंथरूण धरलं मी. भाऊजी जगले. मीही जगले.