शुक्लाची खाट

निशातगंजच्या एका दुकानाबाहेर नव्या खाटा उभ्या होत्या. सुतळीचा तो कोरडा, गवतासारखा वास नाकात शिरला आणि मी थेट कॉलेजच्या दिवसांत पोचलो.

माझा रूममेट शुक्ला तापाने फणफणला होता. कॅम्पसच्या दवाखान्यात डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे. रोज डॉक्टर हवा, असे तीन अर्ज आम्ही दिले होते, पण उत्तर नव्हतं. मग चौघांनी शुक्लाला खाटेसकट उचललं आणि घोषणा देत रजिस्ट्रारसाहेबांच्या टेबलासमोर नेऊन ठेवलं. सुतळी करकरत होती, शुक्ला कण्हत होता आणि मी सेनापतीच्या थाटात भाषण ठोकत होतो.

साहेबांनी चष्मा वर केला. "खटिया हॉस्टल की है?"

"जी सर."

"बाहर लाने की परमिशन?"

शुक्ला पडल्यापडल्या पुटपुटला, "यार, मुझे यहीं उतार दो, खटिया लौटा आओ."

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: होस्टेलच्या खाटा बाहेर नेण्यास मनाई. डॉक्टर मंगळवारीच येत राहिले. शुक्लाचं वर्ष बुडालं आणि मी मात्र हा किस्सा सांगून वर्षानुवर्षं हशे वसूल केले.

माझी मुलगी आता त्याच कॉलेजात आहे. काल तिला तापात घरी आणलं. औषध घेताना ती म्हणाली, "पापा, मेरी रूममेट को भी बुखार है. उसका घर दूर है. डॉक्टर तो मंगल को आएँगे."

काल बुधवार होता. हसू आलं नाही.

मी दुकानदाराला म्हणालो, "भैया, एक मज़बूत खटिया दीजिए. और पक्की रसीद, मेरे नाम की."