सायमनची झोपलेली माणसं

सायमनच्या मुलीचा, रीनाचा फोन आला तेव्हा मी कुडव्याच्या चौकात मोटरसायकलच्या चाकात हवा भरून घेत होतो. दुपार कलली होती. मशीनच्या घरघरीत तिचं बोलणं नीट ऐकू येईना. "काका, पप्पा सो गये," ती म्हणाली. मी म्हटलं, "झोपू दे बेटा, रातभर खोकत असतील. मी संध्याकाळी येतो." हवा भरणाऱ्यानं मशीन बंद केलं आणि त्या शांततेत मला तिचा श्वास ऐकू आला... मग कळलं. तिच्या घरात 'झोपला' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे बाहेरच्या माणसांत मला सगळ्यात आधी ठाऊक असायला हवं होतं. सायमननंच तो मला शिकवला होता.

सायमन कंडक्टर होता आणि मी ड्रायव्हर. गोंदियाहून आमगाव, देवरी आणि पुढे जंगलातून चिचगड, या रस्त्यावर लाल गाडीत आम्ही दोघांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मी कामठ्याचा, आजोबांच्या वेळेपासून बौद्ध घरातला. तो गोंदिया शहरातच जन्मलेला ख्रिस्ती; घरी हिंदी बोलायचा आणि झाडीबोली पॅसेंजरांकडून शिकलेला, त्यामुळे त्याचं बोलणं म्हणजे सगळ्या भाषांची भेळ. खेड्यातला एखादा म्हातारा त्याचं नाव ऐकून हमखास विचारायचा, "तुम्ही कोन लोक जी?" सायमन गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "कंडक्टर लोक." बुद्धपौर्णिमेला माझ्याकडची खीर त्याच्या घरी जायची, नाताळात त्याच्याकडचा केक आणि गुजिया आमच्याकडे यायच्या. ड्यूट्या बदलल्या की आम्ही दोघं डेपोत हातापाया पडून पुन्हा एका गाडीवर यायचो. तो गाडीत धर्माचं कधी बोलत नसे. पण मी विचारलं, तर मेलेली माणसं एक दिवस उठणार, हे तो अशा सहजतेनं सांगायचा की जणू पुढच्या फाट्यावर गाडी थांबणार आहे. मी हसायचो. त्याला त्याचं वाईट वाटत नसे.

एकदा पावसाळा संपता संपता गोंदियाच्या स्टँडवर एक गोंड माणूस गाडीत चढला. खांद्यावर सहा-सात वर्षांची मुलगी, टॉवेलात गुंडाळलेली, तोंड त्याच्या मानेत. दवाखान्यातून निघाला होता. गाडी खच्चून भरलेली. देवरीला आणखी लोक चढले, तेव्हा एक बाई त्याला म्हणाली, "पोरीले मांडीवर घे ना गा, म्या उभीच राहू काय?" त्यानं मुलीला शेजारच्या सीटवर आडवं केलं होतं. तो हलला नाही. गर्दीत राहून गेलेलं मुलीचं अर्धं तिकीट विचारायला सायमन त्याच्याजवळ गेला, आणि मुलीला जागं करावं म्हणून त्यानं तिच्या पायाला हात लावला. मी आरशात पाहत होतो. त्याचा हात तिथंच राहिला. तो माणूस त्याच्याकडे बघून हळूच म्हणाला, "सोयी है साहेब."

"हां," सायमन म्हणाला. "सोने दो." मग तो सरळ उभा राहिला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरगी झोपली आहे. आवाज कमी करा." त्या बाईला त्यानं स्वतःची जागा दिली. आणि गर्दीतून वाट काढत माझ्यामागे येऊन म्हणाला, "वासनिक, खड्डे पाहून चालव. मागं लेकरू झोपलं आहे."

मी जपून चालवली. चिचगडच्या अलीकडे, साजाच्या झाडांखाली जिथं पायवाट जंगलात शिरते, तिथं तो माणूस उतरला. सायमनही उतरला. मला वाटलं, पिशवी धरायला उतरला असेल. पण पिशवी त्या बापाच्या हातात होती आणि मुलगी सायमनच्या. नाला ओलांडून पलीकडच्या चढापर्यंत तो तिला घेऊन गेला, मग दोन्ही हातांनी तिला बापाच्या खांद्यावर ठेवलं. गाडीतल्या कुणीही कुरकुर केली नाही. त्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे.

चिचगडला चहा पिताना त्यानं मला सांगितलं. दवाखान्यातच गेली होती ती. मृताला न्यायला गाडी मिळेपर्यंत थांबायचा त्या बापाला धीर नव्हता. संध्याकाळच्या आत त्याला तिला आईजवळ न्यायचं होतं. मी म्हटलं, "मग झोपली आहे, असं काऊन म्हणालास?"

"खोटं नाही बोललो गा," सायमन म्हणाला. "आमच्यात तसंच म्हणतात. झोपलेल्या माणसाले कोणीतरी उठवतेच ना. तिलेबी उठवणारा आहे."

मला राग आला. कुणावर, ते सांगता येत नाही. आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट मी त्याला सांगितली. मेलेलं मूल छातीशी धरून औषधासाठी दारोदार फिरणाऱ्या आईची. भगवंतांनी तिला मूठभर मोहरी आणायला सांगितलं, पण ज्या घरात कुणी मेलं नाही, अशाच घरातली. असं घर तिला सापडलं नाही, आणि तिनं शेवटी आपल्या हातानं ते मूल स्मशानात ठेवलं. "मरण सगळ्यांच्याच घरी आहे, हे समजून घ्यावं लागते सायमन. ते समजलं की माणूस शांत होते," मी म्हटलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "गोष्ट खरी आहे. मरण सगळ्यांच्या घरी आहे. पण त्या मायले तिचं लेकरू परत कधीच दिसलं नाही काय?"

"नाही."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मले ते नाही जमत गा," म्हणाला. "मले ते लेकरू परत पाहिजे." आणि गाडीकडे चालू लागला.

पुढे काही वर्षांनी त्याची बायको गेली. सरोजवहिनी. रविवारी चर्चला जायला साडी नेसून तयार होत्या, केसांत पिन लावता लावता खाली बसल्या आणि त्या बसल्याच. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. रीना तेव्हा कॉलेजात होती. मला वाटलं होतं, सगळ्यांना धीर देणारा हा माणूस आता स्वतःलाही देईल. तसं झालं नाही. तो कामावर आला, तिकिटं फाडायला लागला, पण त्याचा आवाज गेला. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, त्या वर आहेत, प्रभूजवळ आहेत, रडायचं कशाला. तो मान हलवायचा. चर्चला जाणं त्यानं सोडलं. एकदा देवरीच्या स्टँडवर डबा उघडून तो तसाच बसून राहिला. भाजी रीनानं केली होती, जरा करपली होती. तो म्हणाला, "सगळे म्हणतात, सरोज वर आहे. मले वर नको गा वासनिक. मले ती स्वयंपाकघरात पाहिजे."

माझ्याजवळ मोहरीची गोष्ट होती, पण ती त्या वेळी तोंडातून निघेना. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाच वाटत होतं, याचा विश्वास मोडू नये. माझा नव्हता तो विश्वास. पण इतकी वर्षं तो माझ्या पाठीमागं उभा होता, आणि नसता तर मला एकटं वाटलं असतं.

त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी रीनानं फोन केला. त्यांच्यात ईस्टरला दिवस उगवायच्या आधी सगळे कब्रस्तानात जातात, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, गाणी म्हणतात. प्रभू त्याच वेळी उठला, म्हणून. "पप्पा नहीं जा रहे, काका. तुम्ही आले तर जातील." मी पहाटेच गेलो. रीना बायकांबरोबर पुढे गेली होती, तो बाजेवर बसून होता. मी म्हटलं, "चाल गा, मले रस्ता दाखव." तो मुकाट्यानं माझ्या मागे मोटरसायकलवर बसला. पण फाटकापाशी आला आणि थांबला. आत अंधारात इथं-तिथं ज्योती होत्या, बायका गात होत्या, मोहाच्या फुलांचा गोड वास कुठूनतरी येत होता. तो काही आत पाऊल टाकेना. मीही त्याच्याबरोबर बाहेर उभा राहिलो.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. त्याला ओळखून म्हणाली, "काऊन भाऊ, बाहेर काऊन उभे?"

सायमन म्हणाला, "मावशी, मन नाही होऊन राहिलं."

"मन कोनाचं होते जी? माहे दोन लेकरं आहेत अंदर. प्रभूच्या कबरीवर आलेल्या बाया काय हासत आल्या होत्या? रडतच आल्या. रडतच या, पन या." आणि तिनं त्याचा हात धरला, लहान पोराचा धरावा तसा, आणि आत नेलं.

तो सरोजवहिनींच्या कबरीजवळ बसला आणि रडला. महिनोन्‌महिने अडलेलं ते सगळं बाहेर आलं. उजाडलं तेव्हा रीना त्याला टेकून बसली होती. परतताना रस्त्यात त्यानं मला गाडी थांबवायला लावली. म्हणाला, "वासनिक, मी उलटंच समजून बसलो होतो. वर-बिर काही नाही. माणूस उठणार म्हणजे हातापायासकट उठणार. प्रभू उठला तेव्हा त्याच्या हाताचे खिळ्यांचे वण गेले नव्हते, शिष्यांनी तेच पाहून त्याले ओळखलं. सरोजच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे ना, भाकरी करताना लागलेला? तो बी राहील. मी तिले त्या डागावरून ओळखीन." मग हसला. किती दिवसांनी हसला होता! "आणि ती मले म्हणेल, एवढा वाळला काऊन."

त्यानंतर तो पुन्हा पूर्वीसारखा झाला, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की तो गप्प व्हायचा, ते शेवटपर्यंत. पण त्या गप्प होण्यात आता वाट पाहणं होतं. स्टँडवर उभं राहून गाडीची वाट पाहणारा माणूस आणि गाडीच नाही हे कळलेला माणूस, या दोघांची उभं राहण्याची ढब वेगळी असते. आयुष्यभर मी काचेतून दोन्ही पाहिले आहेत.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या फुप्फुसाचा आजार वाढला. मी एक दिवसाआड जायचो. तो खिडकीजवळच्या बाजेवर उशांना टेकून बसलेला असायचा, आणि आम्ही जुन्या रस्त्यावरचे फाटे आठवत बसायचो. एखाद्या फाट्याचं नाव मला आठवलं नाही की त्याला फार आनंद व्हायचा. शेवटच्या भेटीत मी त्याला विचारलं. कित्येक वर्षं विचारायचं राहिलं होतं. "सायमन, तू म्हणतो तसं झालं... तर मी असेन का तिथं? मी तर तुमच्यातला नाही."

त्याला खोटा दिलासा देता येत नसे, हे मला माहीत होतं. दम लागत होता, तरी सावकाश म्हणाला, "मले नाही माहीत गा. ती गाडी माझी नाही. ज्याची आहे तो माझ्यापेक्षा मोठ्या मनाचा आहे, एवढं माहीत आहे." मग म्हणाला, "मी खिडकीची जागा धरून ठेवतो. रुमाल टाकून. तू ये." मी म्हटलं, "पॅसेंजरनं भांडण केलं तर?" तो म्हणाला, "केलं तर केलं. मी काय कमी भांडलो काय आयुष्यात?" आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता त्याला खोकला आला, म्हणून मी उठलो. दाराशी वळून पाहिलं तर त्यानं डोळे मिटले होते.

दोन दिवसांनी चौकात रीनाचा तो फोन आला. त्याला सरोजवहिनींच्या शेजारी ठेवलं. खांदा द्यायला मीही होतो. आमच्याकडे चितेला अग्नी देतात, त्यांच्यात मूठमूठ माती टाकतात. माझ्या मुठीतली माती सुटेना. पाद्री साहेबांनी माझ्या मनगटाला हात लावला, तेव्हा सुटली.

परवा ईस्टर होता. मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी पहाटे जाग आली आणि बायकोला म्हटलं, जाऊन येतो. ती म्हणाली, मीही येते. कब्रस्तानात सायमनची माती अजून उंच होती, वर साधा लाकडी क्रूस. रीनानं दोन्ही कबरींवर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या होत्या आणि वाऱ्यानं विझणारी मेणबत्ती ती ओंजळीनं राखत होती. उजाडायला लागलं तसे लोक एकमेकांचे हात हातात घेऊन म्हणू लागले, "प्रभु जी उठा है," आणि समोरचा म्हणायचा, "सचमुच जी उठा है." एक अनोळखी गृहस्थ माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि तेच म्हणाले. जे माझं नाही, ते सायमनच्या कबरीसमोर उभं राहून कसं म्हणू? त्यांनी वाट पाहिली, हात जरा दाबला आणि ते पुढे गेले.

रीनानं ते पाहिलं. जवळ येऊन म्हणाली, "काका, तुम्ही नका म्हणू. तुमचं नाही ते. पप्पांनाही आवडलं नसतं, नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं."

मी म्हटलं, "मले नाही म्हणता येत बेटा. पण तू म्हण. मी ऐकतो."

ती मातीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली. आधी प्रभूचं म्हणाली, मग हळूच, "पप्पा भी उठेंगे. मम्मी भी." पलीकडच्या कडुलिंबातून उन्हाची पहिली तिरीप तिच्या केसांवर आली होती. माझी बायको डोळे पुसत होती. लोक फाटकाकडे निघाले होते.

मी रीनाच्या शेजारी खाली बसलो आणि म्हटलं, "अजून एकदा म्हण."